मडगार्डाची आतली बाजू

दुकानदारानं मडगार्ड काउंटरवर ठेवलं की मी आधी ते उलटं करतो. वरचा चकाकता रंग आणि त्यावरची सोनेरी रेघ नंतर. आत हात घालून कडेच्या वळणातून बोटं या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवतो. पत्रा कुठं कापतो, वळण कुठं तुटकं आहे, रंगाऐवजी नुसता काळा फवारा कुठं मारलाय, हे डोळ्याआधी बोटांना कळतं. मग खिशातलं चुंबक लावायचं, मग वजन करायचं. एवढं झाल्यावर ते सरळ करून रंग बघायला हरकत नाही.

ही सवय माझ्या उस्तादांची. 1996 साली मी त्यांच्या हाताखाली लागलो तेव्हा वाशिम अकोला जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं. जिल्हा व्हायला अजून दोन वर्षं होती. सामान आणायला अकोल्याला जायचं ते मीटरगेजच्या गाडीनं. येताना खांद्याला दोन-तीन मडगार्डं अडकवलेली असायची, आणि स्टेशनवर उतरलो की घरी न जाता थेट गॅरेज. उस्ताद चहा विचारायच्या आधी मडगार्ड हातात घेत, उलटं करत, आत बोट फिरवत. पसंत पडलं नाही तरी रागावत नसत. "उद्या परत ने," एवढंच म्हणत. तसे चार-सहा हेलपाटे झाले आणि मी अकोल्याच्या दुकानातच आत हात घालायला शिकलो.

मडगार्ड आतूनच का मरतं, हे आमच्या मातीत गाडी चालवल्याशिवाय कळायचं नाही. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, मानोरा, कारंजा, कुठल्याही तालुक्यात पावसाळ्यात पांदणीनं गाडी न्या. काळी माती ओली झाली की फुगते, चिकटते, टायरबरोबर वर चढते आणि टायर-मडगार्डच्या मधल्या फटीत ठासून बसते. चाक फिरेना झालं की माणूस उतरतो, धुऱ्यावरची तुराटी मोडून घेतो आणि खरवडून वाट मोकळी करतो. पण खरवडली जाते ती टायरला घासणारी माती. पत्र्याला धरून बसलेला थर तसाच राहतो. वरून तो दोन दिवसांत वाळलेला दिसतो, आत मात्र आठवडाभर ओल धरून असतो. त्यात शेतकऱ्याची गाडी, म्हणजे कॅरिअरवर कधी युरिया, कधी डीएपी, कधी फवारणीचा पंप. गोणीतून सांडलेलं खत त्या चिखलात मिसळतं, आणि खत म्हणजे शेवटी क्षारच. मिठाच्या बरणीचं पत्र्याचं झाकण जसं खाल्लं जातं तसं मडगार्ड खाल्लं जातं. बाहेरून रंग शाबूत असतो आणि आतून स्क्रूड्रायव्हर टेकवला की आरपार जातो.

2025 च्या सुरुवातीला अशा गाड्यांची माझ्याकडे रीघ लागली. 1 एप्रिल 2019 च्या आधी नोंदलेल्या गाड्यांना नवी सुरक्षा नंबरप्लेट, एचएसआरपी, लावणं सक्तीचं झालं होतं. मुदत पुढं पुढं जात राहिली, पण लोकांनी गोठ्यात, पडवीत झाकून ठेवलेल्या जुन्या गाड्या बाहेर काढल्या. ही प्लेट एकदा स्नॅप लॉकनं बसवली की परत काढायची नसते. ज्याच्यावर ती बसवायची ते मागचं मडगार्डच खुळखुळत असेल तर प्लेट बसवणारा तरी काय करणार? तो हलवून बघे आणि म्हणे, आधी हे नीट करून आणा. मग लोक माझ्याकडे येत.

फेब्रुवारीत मानोरा तालुक्यातल्या एका तांड्यावरून टेम्पोत घालून एक डिझेल बुलेट आली.

डिझेल बुलेट आताच्या पोरांना समजावून सांगावी लागते. एन्फिल्डनं नव्वदच्या दशकात विकलेली टॉरस. बुलेटच्याच चासीत ग्रीव्हज-लोम्बार्डिनीचं 325 सीसीचं डिझेल इंजिन. ताकद साडेसहा हॉर्सपॉवर, वेग पासष्टच्या आसपास. पण लिटरला सत्तर-ऐंशी किलोमीटर काढायची, आणि ट्रॅक्टर असलेल्या घरी डिझेलचा कॅन भरलेलाच असायचा. शेतकऱ्यांनी तिला जीव लावला. धुराचे नियम कडक झाले तशी ती बाजारातून गेली. तिचं इंजिन चासीला थेट आवळलेलं असतं, मधे रबर नाही. एका सिलिंडरचं डिझेल जे हादरे देतं ते चासीभर फिरून शेवटी जमा होतात मागच्या मडगार्डाच्या शेपटीत. तिथं आधीच टेललाइट, नंबरप्लेट आणि रबरी फ्लॅप लोंबत असतात. म्हणून या गाड्यांची मडगार्डं स्टेच्या, म्हणजे मडगार्ड पेलणाऱ्या दांड्यांच्या, भोकांपाशी तडकतात. पेट्रोल बुलेटचंही तडकतं, पण डिझेलचं लवकर.

या गाडीचा नंबर एमएच 30 चा होता, म्हणजे आम्ही अकोल्यात होतो तेव्हाचा. वाशिमचा 37 नंतरचा. मालक माझ्याच वयाचा, आणि बरोबर त्याचे वडील, डोक्याला पटका, पंचाहत्तरीच्या पुढचे. गाडी त्यांनी घेतलेली. आता त्यांच्यानं किक मारवत नाही, म्हणून पोरगा चालवतो आणि ते मागं बसतात. मडगार्डाच्या शेपटीवर, टेललाइटच्या वर, पिवळ्या ऑइलपेंटनं 'जय सेवालाल' लिहिलेलं होतं. पिवळा उन्हानं विटला होता, पण अक्षराचं वळण सराईत हाताचं होतं.

मी खाली बसून आत हात घातला. पुढचा अर्धा भाग, गिअरबॉक्सच्या मागं जिथं चिखल सगळ्यात जास्त ठासतो, तो चाळणी झालेला. स्टेच्या दोन्ही भोकांपासून बोटभर लांब तडे. शेपटीकडचा भाग मात्र ठणठणीत. तिथं चिखल ठरत नाही, गळून पडतो.

"नवं टाक, मिस्त्री," बाबा म्हणाले. "हे नाव तेवढं राहू दे."

"तसंच्या तसं लिहून घेऊ पेंटरकडून, बाबा."

ते गप्प राहिले. पोरानं मला बाजूला नेऊन सांगितलं, "ज्यानं लिवलं ना भाऊ, तो त्याईचा दोस्त होता. गेला मागच्या साली."

रामनवमीला पोहरादेवीची यात्रा असते. सेवालाल महाराजांची समाधी तिथं आहे, आणि देशभरातून बंजारा समाज तिथं येतो. त्या वर्षी रामनवमी 6 एप्रिलला होती. त्याच्या आत गाडी द्यायची असं मी कबूल केलं. हाताशी दीड महिना होता, आणि एका मडगार्डाला दीड महिना पुष्कळ झाला असं मला वाटलं.

पहिलं मडगार्ड कुरिअरनं मागवलं. आलं ते रुंद. जुन्या बुलेटला मागं 19 इंची चाक आणि 3.25 चं टायर, म्हणजे रुंदी 82-83 मिलिमीटर. क्लासिक 350 ला मागं 18 चं चाक आणि 110 मिलिमीटरचं टायर आलं. चाक लहान पण टायर उंच, त्यामुळे दोन्हींची जमिनीपासूनची उंची जवळपास सारखीच भरते. म्हणून नव्या गाडीचं मडगार्ड जुन्या चाकावर नुसतं ठेवून बघितलं तर गोलाई जुळल्यासारखी वाटते, आणि फसगत तिथंच होते. रुंदी जुळत नाही, चासीवरची भोकं जुळत नाहीत. भोकं लांबट करून, मधे नळीचे तुकडे घालून बसवता येतं. तसं बसवून देणारे पुष्कळ आहेत आणि गिऱ्हाइकाला घरी जाईपर्यंत कळतही नाही. पण लांबट भोकात बोल्ट हादऱ्यानं सरकत राहतो, आणि डिझेलच्या गाडीत असं मडगार्ड एक हंगाम काढत नाही. ते परत पाठवलं. त्यात दोन आठवडे गेले.

दुसरं अकोल्याला मिळालं. आकार तंतोतंत, भोकं जागच्या जागी. मी खूश झालो. मग चुंबक लावलं, तर वळणाजवळ एका ठिकाणी ते धरेना. तिथं लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली होती. प्रेसमध्ये पत्रा चुरगळतो तेव्हा पडणारी सुरकुती लांबीनं बुजवून वर रंग मारलेला. व्हर्निअर कॅलिपर लावलं तर पत्रा 22 गेजचा. आमच्या जुन्या मडगार्डाचा गंज न लागलेला भाग 18 आणि 20 गेजच्या मधे भरत होता.

गेज म्हणजे पत्र्याची जाडी. आकडा वाढला की पत्रा पातळ. 18 गेज साधारण 1.2 मिलिमीटर, 20 गेज 0.9, 22 गेज 0.7. 18 वरून 22 वर आलं की वजन चाळीस टक्क्यांनी उतरतं, आणि कारखानदाराचा फायदा तिथंच होतो. मला बरीच वर्षं वाटायचं की पत्रा चाळीस टक्के पातळ म्हणजे मडगार्ड चाळीस टक्के कमजोर. आयटीआयमध्ये शिकवणारे एक सर गाडी दुरुस्तीला आणायचे, त्यांनी समजावलं की ताठपणा जाडीच्या घनात बदलतो. 1.2 चा 0.7 झाला की ताठपणा पाचव्या हिश्श्यावर येतो. त्यांनी हे माझ्या बिलबुकाच्या मागं गणित मांडून दाखवलं. तो कागद अजून भिंतीवर लावलेला आहे. लोखंडी कपाट घेताना आमच्याकडे म्हातारी बाईसुद्धा गेज विचारते. मडगार्डाच्या पिशवीवर गेज छापलेला मी आजवर बघितला नाही. बनवणाऱ्यांनी तेवढा एक आकडा छापावा, एवढंच माझं मागणं आहे. पातळ हवं त्यानं पातळ घ्यावं, पण माहीत असून घ्यावं.

फायबरचं घे असंही सुचवलं गेलं. त्याला गंज नाही आणि वजनही नाही, हे खरं. पण बोल्टापाशी ते तडकतं, आणि दुसरी एक गोष्ट आहे जी मी फार महागात शिकलो. जुन्या बुलेटच्या टेललाइटला चालू वायर जाते, परतीचा करंट मात्र मडगार्डाच्या पत्र्यातूनच चासीत जातो. फायबर बसवलं, किंवा लोखंडाचंच पण भोकांत जाड रंग भरून बसवलं, तर ती वाट तुटते. 2011 मध्ये एका गाडीला मी नवं मडगार्ड असंच रंगवून बसवलं होतं. दुपारी दिवा लावून बघितला, लागला. बोल्टाचा आटा कुठंतरी रंग खरवडून पत्र्याला टेकला असणार. रात्री हादऱ्यानं तो सुटला. शेलूबाजारच्या पुढं मागून येणाऱ्या ट्रकला ती गाडी दिसलीच नाही. अगदी जवळ आल्यावर त्यानं ब्रेक मारला म्हणून माणूस वाचला. दुसऱ्या दिवशी तो माझ्या दारात उभा होता. तो ओरडला नाही, आणि मला ते ओरडण्यापेक्षा जड गेलं. त्या दिवसापासून माझ्या हातून जाणाऱ्या प्रत्येक जुन्या गाडीच्या टेललाइटला मी वेगळी अर्थची वायर टाकतो, गिऱ्हाइकानं मागितली असो वा नसो.

मार्चच्या शेवटी पुण्याला जाणं झालं. नाना पेठेत सुट्या भागांची दुकानं एकाला एक लागून आहेत; मी सकाळी शिरलो आणि दुपारपर्यंत एकच प्रश्न विचारत फिरलो, "बिनरंगाचं आहे का?" हे मी अलीकडे शिकलो. रंगवलेलं मडगार्ड घेताना आपण रंग विकत घेतो, आणि रंगाखाली काय आहे ते विकणाऱ्यालाही बहुतेकदा ठाऊक नसतं. कच्चं मडगार्ड काही लपवू शकत नाही. सुरकुती, वेल्डिंगचे डाग, पत्र्याची जाडी, सगळं उघडं. बहुतेकांनी नाही म्हटलं. एका जुन्या दुकानात वरच्या माळ्यावरून कागदात गुंडाळलेलं, तेल चोपडलेलं एक उतरवलं गेलं. दिल्लीच्या करोलबागेतून आलेला माल, असं दुकानदार म्हणाला. मी उलटं केलं. कडेचं वळण सलग होतं, बोट कुठंच अडलं नाही. पत्रा भरला 20 गेजचा. रंगवलेल्यापेक्षा ते महाग पडलं आणि मी घासाघीस केली नाही.

रात्रभर ट्रॅव्हल्सच्या गाडीत ते मांडीवर घेऊन आलो. सकाळी गाडीवर ठेवून बघितलं. पुढचा अर्धा भाग जसा तिच्यासाठीच ओतलेला. शेपटी मात्र वेगळी: टेललाइटची भोकं नंतरच्या मॉडेलची, आणि शेवटचा बाक जरा चपटा.

तेव्हा मला ते सुचलं, आणि आधीच का सुचलं नाही म्हणून मी बराच वेळ स्वतःवर चिडून बसलो होतो. जुन्याचा पुढचा भाग मेलेला, शेपटी जिवंत. नव्याचा पुढचा भाग उत्तम, शेपटी नको असलेली. नाव शेपटीवर. पण एप्रिल उजाडला होता, आणि असलं काम घाईनं करायचं नसतं. मी तांड्यावर फोन केला आणि रामनवमीपर्यंत होणार नाही असं सांगितलं. पोरगा "बरं" म्हणाला. यात्रेच्या दिवशी मी गॅरेज उघडलं, पण त्या गाडीकडे बघवत नव्हतं.

जोडाची जागा ठरवायला तीन दिवस लागले. जोड स्टेच्या भोकापाशी आला तर तिथंच तुटणार. नावाच्या फार जवळ आला तर उष्णतेनं रंग करपणार. शेवटी सीटखाली झाकली जाईल अशी जागा सापडली, नावापासून वीतभराहून जास्त लांब. पुठ्ठ्याचा फर्मा करून दोन्ही तुकडे कापले. एकमेकांवर चढवून जोडलं असतं तर सोपं झालं असतं, पण चढलेल्या पत्र्याच्या फटीत ओल बसते आणि गंज तिथूनच सुरू होतो. म्हणून टोकाला टोक लावून जोडायचं ठरवलं आणि आतून त्याच जाडीच्या पत्र्याची पट्टी. आमच्याकडे याला पितळ लावणं म्हणतात: गॅसच्या ज्योतीनं पत्रा लाल करायचा आणि पितळेची कांडी त्यात पाझरवायची. नावावर ओली पोती टाकली आणि पोऱ्याला मगानं पाणी सोडत बसवलं. आधी तीन-तीन बोटांवर टाके, मग या टोकाला थोडं, त्या टोकाला थोडं, नाहीतर पत्रा ओढला जाऊन गोलाई बिघडते. पट्टीच्या कडाही चारी बाजूंनी पितळेनं बुजवल्या, पाणी शिरायला फट नको म्हणून. जुन्या पत्र्यातल्या लहान तड्यांच्या टोकाला आधी बारीक भोक पाडून घेतलं. तडा भोकाशी येऊन थांबतो, पुढं पळत नाही. मग तेही भरले.

आतल्या बाजूला मी बाहेरच्यापेक्षा जास्त वेळ देतो. सगळा गंज घासून काढला, झिंकचा प्रायमर, तो पुरता वाळल्यावर चासीला मारतात तो डांबरी कोट, दोन हात. उस्ताद यासाठी दर मृगाच्या आधी जळकं ऑइल ब्रशनं मारायचे. तेही वाईट नव्हतं, फक्त दरवर्षी मारावं लागायचं, आणि लोक विसरायचे. बसवताना प्रत्येक भोकाला दोन्ही बाजूंनी रबर आणि वर रुंद वॉशर, म्हणजे हादरा एका बिंदूवर न येता पसरतो. टेललाइटला वेगळी अर्थची वायर. बाहेरून काळा रंग दिला, पण नावाभोवती कागद चिकटवून ते होतं तसं राहू दिलं. नवा काळा आणि जुना काळा यांत फरक दिसतो. तो मी घालवू शकलो असतो, पण मग पिवळं अक्षर उपरं वाटलं असतं.

मेच्या अखेरीस दोघं गाडी न्यायला आले. पोरगा नाव बघून हसला. बाबा काही न बोलता गाडीभोवती फिरले, मग सीट उचलायला सांगितली. मडगार्डावरून अंगठा हळूहळू मागं नेत गेले. मी जोड कानशीनं घासून, रंगवून असा बेमालूम केला होता की मलाच तो शोधावा लागला असता. त्यांचा अंगठा बरोबर त्याच जागी थांबला.

"इथं जोडलं ना?"

"हो बाबा."

त्यांनी अंगठा अजून एकदा पुढं-मागं केला. "पक्कं हाय," म्हणाले. "याच्यावर डीएपीच्या दोन गोन्या घेऊन मी मानोऱ्याहून यायचो. आता माझंच वझं." आणि पैशाचं विचारलं. पुण्याच्या फेरीचे पैसे मी लावले नव्हते, तारीख चुकली म्हणून. त्यांनी हिशोब ऐकला आणि म्हणाले, "जायचं-यायचं भाडं धर त्यात." मी नको म्हणालो, त्यांनी ऐकलं नाही.

पावसाळ्यात एकदा दाखवायला आणा असं मी सगळ्यांनाच सांगतो. फार थोडे आणतात. हे पोळ्यानंतर आले, सोयाबीन शेंगांवर आलं तेव्हा. एचएसआरपी लागलेली होती आणि हलत नव्हती. मी आत पाण्याचा पाइप लावला. काळ्या चिखलाचा थर सुटून सपाट खाली पडला, मागं डांबरी कोट जसाच्या तसा. हात घातला. जोडाच्या पट्टीची कड गुळगुळीत लागली. डाव्या स्टेच्या वॉशरखाली मात्र नखाएवढा रंग उचलला होता. तिथलं रबर सरकलं होतं. बोल्ट काढला, घासलं, प्रायमर दिला, रबर बदललं. वाळेपर्यंत बाबा बाकावर बसून पावसाचं बोलत होते, त्यांच्याकडे खालच्या वावरात पाणी साचलं होतं. मग पोरानं किक मारली, ते मागं बसले, आणि गाडी रस्त्याला लागली. पाटणी चौकाकडे वळताना त्यानं ब्रेक दाबला. दिवा लागलेला मला गॅरेजमधून दिसला.